ससाणेबाईंची सुपारी विमानात बसते

विजयमाला ससाणे यांनी सतरा वर्षं पुण्याच्या सिटी बसमध्ये उभ्यानं काढली. त्यांचे यजमान महिपतराव बसच्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ते आजारपणात गेले तेव्हा मुलगी तनुजा बारा वर्षांची होती. त्यांच्या जागी बाईंना नोकरी मिळाली, आणि तोवर एकटीनं कधी कॅम्पापर्यंतही न गेलेली हडपसरच्या शेतकरी घरातली ही सून गळ्यात चामड्याची बॅग अडकवून कंडक्टर झाली. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. आवाज मात्र ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत एका दमात पोचणारा. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर त्या ओरडत नसत. शांतपणे विचारत, "दाराशी सोयरीक झालीये का? नसेल तर आत या." पोरं निमूट आत यायची.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. शाळेत इतिहास शिकवत होते, आता घरीच असते. ही हकीकत घडली तेव्हा इंग्रजी फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे निम्मी मी डोळ्यांनी पाहिली आहे. उरलेली ससाणेबाईंच्या तोंडून ऐकली, तीही इतक्या वेळा, की आपणही त्या विमानात होतो असं मला आता वाटायला लागलं आहे.

सुपारी त्यांना बसमध्ये सापडली. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. वारज्याहून आलेली दुपारची गाडी डेपोत लागली, कुणाचं काही विसरलंय का ते बघायला बाई मागं गेल्या, तर शेवटच्या सीटखाली बिस्किटांच्या खोक्यात मुठीएवढं पिल्लू. तपकिरी, गोल, डोळे नुकते उघडलेले. आई गावठी असावी आणि बाप कुणाच्या तरी बंगल्यातला पॉमेरेनियन.

त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर धोंडिबा म्हणाले, "बाई, खाली सोडा. डेपोतली कुत्री सांभाळतील."

"डेपोतल्या कुत्र्यांना आधी स्वतःचं पोट भरू द्या," बाई म्हणाल्या, आणि पिल्लू चामड्याच्या बॅगेत, तिकिटाच्या मशीनशेजारी ठेवून घरी आणलं. पण त्याआधी सापडलेल्या सामानाच्या वहीत त्यांनी रीतसर लिहिलं होतं: एक पिल्लू, जिवंत. न्यायला कुणीही आलं नाही.

रंग आणि आकार दोन्ही बघून नाव पडलं सुपारी. तनुजाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली होती. रिकाम्या झालेल्या घरात ही चार पायांची बया आली आणि बाई पुन्हा कुणावर तरी खेकसायला लागल्या.

गेल्या सप्टेंबरात तनुजाचा फोन आला. ती आणि जावई पियुष नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन नावाच्या शहरात असतात, दोघंही कॉम्प्युटरवाले. फोनवर तनुजा आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "आई, एप्रिलमध्ये. तू मार्चमध्येच ये."

बाई पेढे घेऊन माझ्याकडे आल्या त्या अनवाणीच. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला.

"सुपारीचं काय करू?"

"मी सांभाळीन की," मी म्हटलं.

"तुमच्याकडं बोका हाय."

ते खरंच होतं. आमच्या बोक्याच्या आणि सुपारीच्या जिन्यातल्या दोन लढाया मी स्वतः सोडवल्या होत्या, आणि दोन्हींत ओरखडे मलाच आले होते.

मग वारज्याच्या पुढं कुत्र्यांचं वसतिगृह आहे असं कळलं. तीन दिवसांसाठी ठेवून बघू, म्हणून बाई सुपारीला सोडून आल्या. जागा चांगली होती, हिरवळ होती, माणसं प्रेमळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून फोन आला. "मावशी, कालपासून काही खाल्लं नाहीये हिनं. फाटकाकडे तोंड करून बसलीये." बाई तशाच निघाल्या. त्यांना वाटलं होतं, आपल्याला बघून सुपारी नाचेल, भुंकेल. तिनं तसलं काहीही केलं नाही. आली, त्यांच्या दोन्ही पावलांवर आडवी झाली आणि झोपून गेली. बाई तिथंच अर्धा तास उभ्या राहिल्या. पाय हलवायचा धीर होईना.

परत येताना रिक्षातूनच त्यांनी मुलीला फोन लावला.

"मी येते. पण आम्ही दोघी येतो."

"दोघी कोण? सुपारी? आई, कुत्रं कुठं विमानात—"

"तुझं बाळंतपण करायला मी येणार म्हणजे घराला कुलूप लावून येणार. कुलूप लावल्यावर आत कुणी ऱ्हातं का?"

मागून पियुषचा आवाज आला. त्यानं फोन घेतला. "आई, तुम्ही आणा तिला. इथे ट्रेनमध्येसुद्धा कुत्री बसतात. मी नियम शोधतो."

त्या दिवसापासून बाईंच्या बोलण्यात 'जावई' हा शब्द 'आमचे पियुषराव' असा झाला.

नियम आले ते आठ पानांचे. मी चष्मा लावून वाचायला बसले. आधी कुत्र्याच्या मानेत कातडीखाली एक चिप बसवायची. त्यानंतर रेबीजची लस. मग महिन्यानं रक्त घ्यायचं, ते परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, लस लागू पडली असा दाखला मिळवायचा, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. त्यानंतरच युरोपात पाऊल. क्रम चुकला तरी पहिल्यापासून, तारीख चुकली तरी पहिल्यापासून.

बिबवेवाडीत डॉक्टर शेफाली म्हणून तरुण मुलगी जनावरांचा दवाखाना चालवते. तिनं समजावून सांगायला सुरुवात केली, "मावशी, डेट्सचं तेवढं खूप केअरफुली बघावं लागेल हं—"

"बाळ, पासावरच्या तारखा बघण्यात जन्म गेला माझा," बाई म्हणाल्या. "धावत्या गाडीत, तेही. तू चिप बसव."

चिप बसली, लस झाली, महिना भरला, रक्त गेलं. दिवाळीच्या फराळाबरोबर बाई देवापुढे रक्ताच्या दाखल्यासाठी साखर ठेवायच्या. डिसेंबरात दाखला आला. सुपारी पास झाली होती, तेही चांगल्या मार्कांनी. बाईंनी तो कागद लॅमिनेट करून आणला. 'लॅमिनेट केलेले कागद चालत नाहीत' हे नवव्या पानावर, म्हणजे पियुषनं नंतर पाठवलेल्या पानावर होतं. डॉक्टर शेफालीनं हसत हसत दुसरी प्रत मागवून दिली.

खरी अडचण वजनाची निघाली. कुत्रं माणसाबरोबर वर, पायाशी ठेवायचं असेल तर पिशवीसकट आठ किलोच्या आत हवं. नाहीतर ते खाली, सामानाच्या पोटात जाणार. सुपारीचंच वजन होतं पावणेआठ. सहा वर्षं तिनं पोळीवरचं तूप खाल्लं होतं.

"खाली न्हाई जाणार ती," बाई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तूप बंद. उकडलेलं चिकन आणि दुधी भोपळा, तोही मोजून. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं एक तास चालणं, संध्याकाळी पुन्हा एक तास. पहिले आठ दिवस सुपारी मध्येच रस्त्यात बसायची आणि बाईंकडे असं बघायची, की येणाजाणाऱ्यांना बाईच दुष्ट वाटाव्यात. दर रविवारी दवाखान्यात वजनकाट्यावर. साडेसात. सव्वासात. संक्रांतीला तिळाच्या लाडवानं थोडं बिघडवलं. फेब्रुवारीच्या शेवटी काटा साडेसहावर आला तेव्हा डॉक्टर शेफालीनं टाळी वाजवली. बाईंचं स्वतःचं वजन किती उतरलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ब्लाउज सगळे आत घ्यायला टाकले होते.

दुसरी तयारी पिशवीची. जाळीच्या खिडक्यांची एक मऊ निळी पिशवी आणली, पण सुपारी तिच्यात पाय घालेना. आमिषं झाली, गोड बोलून झालं, दटावून झालं. शेवटी बाईंनी कपाटातून जुनी चामड्याची बॅग काढली. डेपोनं रद्द केलेली, निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आठवण म्हणून दिलेली. ती घडी करून निळ्या पिशवीत तळाला घातली. सुपारीनं नाक आत घातलं, मग पुढचे पाय, मग सगळीच आत गेली आणि स्वतःभोवती दोन फेऱ्या मारून बसली.

आता तासन् तास बसायची सवय. नऊ तासांचं विमान होतं. बाईंनी उपाय काढला तो त्यांनाच सुचावा असा. सुपारीला पिशवीत घालून त्या हडपसर ते वारजे आणि वारजे ते हडपसर बसनं फिरायला लागल्या. पहिल्या दिवशी गाडीवर श्रद्धा नावाची नवी कंडक्टर होती. बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"सामानाचं तिकीट फाड," बाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमच्याकडून काय घ्यायचं? बसा ना."

"हेच शिकवलं होतं का मी तुला? फाड म्हणते ना."

श्रद्धानं तिकीट फाडलं. त्या दिवशी सुपारी स्वारगेटपर्यंत कुईकुई करत होती. तिसऱ्या फेरीला फक्त सिग्नलला. सातव्या फेरीला ती हडपसरला झोपली ती थेट वारज्याच्या शेवटच्या स्टॉपला जांभई देत उठली. शेजारी बसलेल्या एका आजोबांना अख्खा प्रवासभर कळलंच नाही की पायाशी कुत्रं आहे. बाईंना त्या जांभईचा जेवढा आनंद झाला, तेवढा मला वाटतं व्हिसा मिळाल्याचाही झाला नव्हता.

निघायच्या आदल्या आठवड्यात मुंबईला जनावरांच्या सरकारी कार्यालयात सुपारीला नेऊन दाखवायचं होतं. मी बरोबर होते. धोंडिबांनी पुतण्याची गाडी आणली होती. निवृत्त झाले असले तरी घाटात त्यांचा हात अजून बसचाच होता. प्रत्येक वळणावर ते आधी मागच्यांना सांभाळून बसायला सांगत. कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी फाईल उघडली, एकेक कागद पलटला. चिपचा नंबर, लसीची तारीख, रक्ताचा दाखला, सगळं जिथल्या तिथं होतं.

"फाईल कुणी लावली?"

"यांनी," मी बाईंकडे बोट केलं.

"छान आहे. नाव काय हिचं?"

"सुपारी."

त्यांनी मान वर केली. क्षणभर त्यांना हसू दाबता येईना. "बाई, एक विनंती आहे. विमानतळावर 'माझी सुपारी कुठाय' असं मोठ्यानं ओरडू नका. पोलीस आधी तुम्हाला बाजूला घेतील."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या निघाल्या. सकाळचं विमान होतं. विमानतळाच्या दारात धोंडिबांनी सामान उतरवलं, निळी पिशवी जपून त्यांच्या हातात दिली. अकरा वर्षं एका गाडीवर काढलेली ही दोन माणसं. धोंडिबा गाडीत जाऊन बसले. बाईंनी गाडीच्या टपावर दोनदा हात मारला. डबल बेल. धोंडिबांनी आरशात बघितलं आणि गाडी हलवली.

इथून पुढचं बाईंनी सांगितलेलं.

काउंटरवरच्या मुलीनं पिशवी वजनकाट्यावर ठेवायला सांगितली. आठ किलो तीनशे.

घरी नुसती पिशवी आणि सुपारी मोजली तेव्हा काटा बरोबर दाखवत होता. मग आठवलं, निघता निघता त्यांनी सुपारीची पितळी वाटी आणि तिची शाल आत सरकवली होती. वाटी काढली, शाल काढून खांद्यावर घेतली. काटा आला आठ किलो ऐंशी ग्रॅमवर. मागं रांग थांबलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, अजून थोडंसं."

आता आत राहिली होती ती सुपारी आणि तिच्या खालची चामड्याची बॅग.

बाई खाली बसल्या. पिशवीची चेन उघडली, सुपारीच्या पोटाखालून बॅग अलगद ओढून घेतली आणि तिच्या कानात म्हणाल्या, "बघ, बाहेर हाय ती, माझ्यापाशी हाय." सुपारीनं त्यांच्याकडे बघितलं, एकदा शिंकली आणि खाली पुन्हा गोल झाली. बाईंनी बॅग गळ्यात अडकवली. काटा: सात किलो सहाशे. रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. असा सगळा मुंबई विमानतळ त्यांनी नऊवारीवर, गळ्यात कंडक्टरची बॅग अडकवून ओलांडला. सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी विचारलं, "ये क्या है?" तेव्हा ससाणेबाई म्हणाल्या, "नौकरी."

विमानात शेजारची जागा रावसाहेब नावाच्या गृहस्थांची होती. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, हरितगृहं बघायला चाललेल्या शेतकऱ्यांच्या गटातले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळलेले. विमान अजून जागचं हललंही नव्हतं. बाईंनी ओळखलं, माणूस घाबरलाय. स्वतःही पहिल्यांदाच बसत होत्या, पण घाबरलेला प्रवासी शेजारी असला की कंडक्टरला घाबरता येत नाही.

विमान वर चढायला लागलं तेव्हा बाई वाकून पुटपुटल्या, "सुपारी, काय न्हाई हां. सुपारी, गप."

रावसाहेबांनी मान वळवली. "ताई, सुपारी हाय का? वाईच द्या की. तोंडाला कोरड पडलीया."

"खायची न्हाई ही," बाई म्हणाल्या आणि पिशवीची जाळी त्यांच्याकडे वळवली. आतून दोन काळे डोळे आणि एक ओलं नाक.

रावसाहेब आधी दचकले. मग इतके मोठ्यानं हसले की पुढच्या रांगेतले त्यांच्या गटातले चौघं मागं वळले. बातमी दोन मिनिटांत विमानभर झाली. हवाईसुंदरी येऊन बघून गेली, तिच्या पाठोपाठ दुसरी. मध्ये एकदा विमान खड्ड्यातून गेल्यासारखं हादरलं. रावसाहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी त्यांचा हात धरला आणि खाली जाळीपाशी नेऊन ठेवला. सुपारीनं जाळीतून त्यांची बोटं चाटली. हादरे चांगली दहा मिनिटं चालले, आणि तेवढा वेळ तो कडक इस्त्रीचा बागायतदार वाकून एका कुत्रीला द्राक्षांच्या छाटणीबद्दल सांगत होता. सुपारी ऐकत होती. नंतर झोपली. रावसाहेबही झोपले.

"वारज्याचा रस्ता परवडला," बाई त्या हादऱ्यांबद्दल सांगतात. "पण ड्रायव्हर हुशार होता."

ॲमस्टरडॅमला उतरल्यावर जनावर आणलेल्यांनी लाल पाटीखालून जायचं, हे पियुषनं दहादा सांगितलं होतं. लाल पाटीखाली एक उंच, सोनेरी केसांची अधिकारी बाई होती. तिनं कागद घेतले, बघितले, मान हलवली. मग हातात एक यंत्र घेऊन सुपारीच्या मानेवरून फिरवलं. यंत्र गप्प. पुन्हा फिरवलं. गप्प. तिनं दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, दुसरं यंत्र आणलं. तेही गप्प. चिप सापडत नव्हती, आणि चिप नाही म्हणजे हा कागद या कुत्रीचा आहे याला पुरावा नाही.

ती इंग्रजीत काहीतरी सांगत होती. बाईंना त्यातले 'नो' आणि 'प्रॉब्लेम' एवढे दोनच शब्द कळले. त्यांचं स्वतःचं इंग्रजी बसमधलं. सुट्टे द्या, पुढे सरका, शेवटचा स्टॉप. काचेच्या पलीकडे कुठंतरी नऊ महिन्यांची गरोदर मुलगी उभी होती.

पण रोज सकाळी सुपारीला विंचरताना बाईंच्या बोटांना कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लागायचं, आणि ते मानेवर नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत, सुपारी बारीक होत गेली तसं ते खाली घसरलं होतं. डाव्या खांद्यावरून कोपराकडे. बाईंनी अधिकारी बाईचा हात धरला. सरळ मनगटच. "मूव्ह," त्या म्हणाल्या. "मूव्ह फॉरवर्ड." यंत्र मानेवरून खांद्यावर आणलं. "फॉरवर्ड, फॉरवर्ड." खांद्यावरून खाली. सुपारीनं पाय उचलून दिला, जणू तिलाही कळलं होतं. कोपराच्या वर दोन बोटांवर यंत्र टुंग करून वाजलं.

"लास्ट स्टॉप," बाई म्हणाल्या.

सोनेरी केसांची बाई हसायला लागली. चिपच्या नंबरचे पंधरा आकडे जुळवून झाले, कागदावर शिक्का बसला. मग तिनं गुडघ्यावर बसून सुपारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. ते काय होतं ते बाईंना अजून माहीत नाही, पण चांगलं होतं.

दाराबाहेर तनुजा उभी होती, पोट सांभाळत, पियुषच्या दंडाला धरून. मायलेकी भेटल्या तेव्हा दोघींच्या मध्ये ते पोट आणि ती निळी पिशवी अशी अडचण होती, आणि दोघी एकदम बोलत होत्या. पियुषनं बाईंच्या गळ्यातल्या बॅगेकडे बघितलं.

"आई, हे काय?"

"मोठी कथा हाय, पियुषराव. आधी हिला झाडाखाली न्या. नऊ तास धरून बसलीये."

पियुष सुपारीला घेऊन पळत सुटला.

नात आठ दिवस आधीच आली, भर दुपारी, एका निवांत रविवारी. तिथे बाळंतिणीकडे आठवडाभर रोज एक नर्स घरी येते. ती येणार म्हणून बाईंनी मनात युद्धाची तयारी केली होती. शेक, तेल, डिंकाचे लाडू यांतलं काही काढून घेऊ द्यायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं. नर्स आली आणि तिनं पहिल्याच दिवशी टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या भुरभुरवल्या. मुलगी झाली की तिकडे हेच वाटतात. बाईंनी एक गोळी चावून बघितली. आत बडीशेप.

"तनुजा, अगं ह्यांच्यातबी बाळंतिणीला बडीशेपच!"

संपलं युद्ध. चौथ्या दिवशी नर्स डिंकाचा लाडू खात होती. सुपारीचं काय करायचं हा प्रश्नही तिनंच सोडवला. बाळाची टोपी आणून सुपारीला हुंगायला दिली, आणि मग बाळाला जवळ आणलं. सुपारी बराच वेळ हुंगत राहिली. नंतर पाळण्याखाली जाऊन बसली, आणि पुढचे अडीच महिने ती तिथून फक्त जेवायला आणि फिरायला उठली.

ते फिरणं हा बाईंचा मोठा आनंद होता. नऊवारी, वर पियुषचं लोकरीचं जाकीट, हातात सुपारीची दोरी. आठ दिवसांत गल्लीतली सगळी कुत्री आणि त्यांची माणसं ओळखीची झाली. एक दिवस पियुष त्यांना बसमध्ये घेऊन गेला. सुपारी पिशवीत नाही, काही नाही, सरळ चढली आणि खिडकीशी बसली. बाईंनी इकडं तिकडं बघितलं.

"कंडक्टर कुठाय?"

"इथे नसतो, आई. कार्ड लावायचं, झालं."

"मग दारातल्यांना आत कोण घेतं?"

"दारात कुणी उभं राहतच नाही."

बाईंना ते पटलं नाही. पण उतरताना त्यांनी पाहिलं, प्रत्येक जण ड्रायव्हरला मोठ्यानं धन्यवाद देऊन उतरत होता. शाळेची पोरं, म्हातारे, सगळे. बाई थांबल्या. सतरा वर्षांत त्यांना असं म्हणून उतरलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. त्या ड्रायव्हरपाशी गेल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "गाडी छान चालवता तुम्ही." मराठीतच. तो काय समजला कोण जाणे, त्यानंही हात जोडले.

जूनच्या शेवटी व्हिसाची मुदत संपली आणि दोघी परत आल्या. तिकडून यायचे कागद पियुषनं आणि मी फोनवर बसून जमवले. परतीला वजनाचा प्रश्न आला नाही. नेदरलँड्समधलं चीज बाईंनी सुपारीला दाखवलंही नव्हतं, असं त्या म्हणतात. स्वतःबद्दल त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

आता रोज संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल असतो. कधीकधी मीही असते, चहा घेऊन. नात आता पालथी पडते, मान वर धरते. परवा बाई नेहमीसारख्या फोन तोंडासमोर धरून बोबडं बोलत होत्या आणि पलीकडे पोरगी रडत होती, थांबायचं नाव घेईना. तनुजानं खेळणी दाखवली, गाणं म्हटलं. काही उपयोग नाही. तेवढ्यात आमचा बोका जिन्यात आला असावा, कारण सुपारी कोचावर उडी मारून दाराकडे तोंड करून भुंकली. पलीकडचं रडणं थांबलं. पोरीनं मान इकडं तिकडं फिरवली, मग पडद्याकडे बघून दोन्ही पाय हवेत मारले आणि खळाळून हसली, आयुष्यात पहिल्यांदाच अशी मोठ्यानं.

तनुजा ओरडली, "आई, तू बाजूला हो ना! तुझ्या डोक्यामागं तिला सुपारी दिसत नाहीये!"

ससाणेबाई बाजूला झाल्या.